शेवाळ, बल्ब आणि वहिनींचा गुडघा

विश्रामबाग, सांगली

ती. मल्हारराव यांस,

गंगाधरचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम (निदान दोन पायांच्या माणसांचं तरी). वहिनींचा ऑपरेशन झालेला गुडघा कसा आहे? लवकर बरा व्हावा, ही मनापासून इच्छा. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुमचा फोन हल्ली शकुंतलाच उचलते आणि विषय तिच्यापासूनच लपवायचा आहे.

तुमची ही बहीण वहिनींच्या मदतीला खंडाळ्याला निघाली, तेव्हा तिची माशांची काचेची पेटी माझ्या हवाली करून गेली. मासे ठीकच, तिचा खरा जीव आतल्या झाडांवर. लेकीसारखी वाढवलीत तिने ती. इकडे ती एसटीत बसली आणि तिकडे पेटीवरचा दिवा गेला. (वस्तूंनाही माणूस कळतो.) घरात होता तो बल्ब लावला, म्हणजे देवघरातला लाल. मासे लाजल्यासारखे दिसू लागले आणि झाडं काळी. मग गणपतीच्या मखरातला निळा लावला. काय ती शोभा, मल्हारराव! खुर्ची टाकून बघत बसलो. थोड्याच दिवसांत काचेवर शेवाळ इतकं माजलं की मासे हाका मारून शोधावे लागले, आणि झाडांची पानं पिवळी पडून गळायला लागली. शेजारचे निवृत्त सुभेदार आकाराम बघून म्हणाले, "आवं, पेटीत गनपती बसवलाय व्हय? झाडाला ऊन लागतंय, रोषणाई न्हाई!"

उन्हासारखा पांढरा बल्ब स्वयंपाकघरात होताच. त्याच्या खोक्यावर ६५०० छापलेलं. ते वॅट समजून, वीजबिलाच्या धास्तीने मी तो फार वेळ लावूच द्यायचो नाही. तो निघाला उजेडाच्या रंगाचा आकडा. आता तो पेटीवर आहे आणि निळा स्वयंपाकघरात. (निळ्या उजेडात पोह्यांना हळद पुरली की नाही, कळत नाही. म्हणून मी पुन्हा घालतो.) पण आज सकाळी एका बोडक्या देठावर कोवळं, हिरवंगार पान दिसलं. फार आनंद झाला. झाडं वाचतील, मल्हारराव, नक्की वाचतील.

आपला,
गंगाधर

ता.क. एक पान पुरेसं नाही. शकुंतला रविवारी निघणार म्हणते. वहिनींना म्हणावं, अजून पंधरा दिवस जरा लंगडा.

ता.क. २: वरचं रद्द समजा. पान दिसल्याबरोबर "अगं, बघ बघ" म्हणून मी हाक मारली, आणि घरात कोणीच नव्हतं. तिला रविवारची वाट न बघता पाठवा. रागावली तर रागावू दे. फक्त येताना एक पांढरा बल्ब आण म्हणावं. बोलणी खाताना तरी तिचा चेहरा नीट दिसायला हवा.