यंत्राला न कळलेलं बोलणं

तीर्थरूप बाबा,
लांबूनच वाकून नमस्कार करते.

इंटर्नशिप छान चाललीय. कंपनी एवढी मोठी, पण सगळे सांभाळून घेतात. घराघरांतल्या बोलक्या यंत्राला लोकांचं जे बोलणं कळत नाही, ते ऐकून लिहायचं, हे माझं काम.

काल एका रेकॉर्डिंगमध्ये एक आजोबा यंत्राला विचारत होते, "जेवलीस का गं?" यंत्र म्हणालं, "समजलं नाही." त्यांनी पुन्हा तितक्याच मायेनं विचारलं.

"निरर्थक म्हणून काढून टाक," आमच्या वरिष्ठ ताई म्हणाल्या. मी लगेच काढलं नाही. तुमचा तर आवाज नाही ना, म्हणून परत परत ऐकलं. तुमचा नव्हता. तरी कानातून जात नाही.

आई गेल्यावर मी घेऊन दिलेलं यंत्र बंद करून ठेवा. बोलावंसं वाटलं की मला फोन करा, मी कामात असले तरी.

तुमचीच,
धाकटी