साचा बंद कर

ठाणे, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९५२

आज लक्ष्मणला बघायला गिरणीच्या गोदामात गेलो. जायलाच नको होतं. की रोज जायला हवं होतं?

साचेखात्यात मागांच्या, म्हणजे साच्यांच्या, खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून विणकर हाताच्या खुणांनी बोलतात. लक्ष्मणचा जोडीदार साच्याच्या पट्ट्यात ओढला गेला आणि जागीच गेला. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी त्याच साच्यावर नारळ फोडून काम सुरू केलं. तेव्हापासून लक्ष्मण साच्यापाशी उभा राहिला की थरथरायचा. गिरणीच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. मी लेबर ऑफिसर, मी त्याला गोदामात हलवलं. शांत जागा, मनाला बरं वाटेल, असं मलाच वाटलेलं.

कापडाच्या गाठींमध्ये तो एकटाच बसलेला. "कसा आहेस रे?" म्हटलं, तर त्याने उघडा हात खाली दाबला. पुन्हा दाबला. बसा म्हणतोय वाटलं, म्हणून बसलो.

साचेखात्याचा मुकादम, सावंत जॉबर, दारातून म्हणाला, "साहेब, 'साचा बंद कर' म्हणतोय तो. दिवसभर हेच चालू असतं."

"आणि 'बंद केला' कसं सांगतात?"

सावंतने हात करून दाखवला. मी तशी खूण केली, दोनदा केली. लक्ष्मण माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होता. त्याने हात पुन्हा खाली दाबला.

भिंतीपलीकडे साचे चालूच होते. मी कुठला बंद केला होता?