अकोल्यातली प्रत

३ मे
अकोल्याला आलो. पुण्यात बढती म्हणून सांगितलं होतं, निघाली एक थंडगार खोली. बाहेर गाव भाजून निघतंय आणि मी सर्व्हरांशेजारी स्वेटर घालून बसलोय. मजा आहे! लोक जे फार बघतात त्याची एक प्रत इथे ठेवायची. मग व्हिडिओ दर वेळी मुंबईहून मागवावा लागत नाही, अडखळत नाही. अख्खं वऱ्हाड काय बघतं, ते मला इथे बसून कळतं. जेवढं भिकार, तेवढी मागणी.

६ मे
अंजनगाव सुर्जीची इंदूबाई आली होती. भाजी विकते. तिची पोरगी दामिनी रीलसाठी मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर उभी राहिली, घसरली, गेली. मैत्रिणीच्या मोबाइलमधून ते सगळीकडे फिरलं. तक्रारीनंतर कंपनीने मुंबईतलं मूळ पुसलं. इकडे मात्र आमच्या प्रतीतून चालूच आहे. बाई म्हणाली, “साहेब, लोकं जेवता जेवता पायतात तिले. मिटवून टाका.”
एका ओळीची आज्ञा टाइप करायची होती. पण अशा प्रत्येकीसाठी हात हलवायचे म्हटलं तर संपलंच. दोन दिवसांत प्रतीची मुदत संपून आपोआप जाईल, असं सांगून वाटेला लावलं. हात जोडून गेली. दुसरं येतं काय यांना?

९ मे
मुदत संपली, व्हिडिओ गेला नाही. बघणारे उलट वाढलेत. मीही पाहिला. पोरगी हसते, ओढणी सावरते, पडते. नटवी.

१० मे
पुसला. सर्व्हर म्हणतो, असा व्हिडिओच नाही. मोबाइलवर चालतोय, जराही न अडखळता. आज तो तिच्या पडण्यावर थांबला नाही. पाणी शांत झालं, मग कठड्यावर आतून दोन हात आले.
कुण्या गावंढळ पोराचा चावटपणा.

१२ मे
डिस्क काढल्या. तारा उपटल्या. मुंबईवाले म्हणतात, अकोला बंद दिसतंय. तरी चालतोय. ती बाहेर आलीय. निथळतेय. कॅमेऱ्यामागे कुणाला तरी बोलावतेय —

१३ मे
दुपारी इंदूबाईचा फोन. आवाज कोरडा. “साहेब, तुमी आमच्या विहिरीवर काहून गेलते?”
मी ते गाव पाहिलेलंही नाही, म्हणालो. ती म्हणाली, आत्ताच पाहिलं, तुम्हीच होता, पोरीने हात धरला होता. मग तिनेच फोन ठेवला.

पाहिला. कठड्यावर मी. मूर्खासारखा हसतोय.
बनावट. असल्या लोकांना — दार उघडत नाही —
मनगट ओलं आहे. बोटं, थंड, कुणाची तरी —