समारोप कोण वाजवणार

१४ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुझं पत्र पोचलं. नातीला दात आले आणि ती सगळ्यांना चावते, हे वाचून ह्यांना फार आनंद झाला. ह्यांचा खोकला गेला, खोकल्याबद्दल बोलणं मात्र अजून गेलेलं नाही. सुनेने स्वयंपाकघरातली कपाटं बदलून घेतली. छान दिसतात. मीठ सापडत नाही.

मंडळाचं काय चाललंय, असं तू दर पत्रात विचारतेस आणि मी ‘चाललंय’ एवढंच लिहिते. या वेळी सविस्तर लिहिणार आहे.

गेल्या शनिवारी आमच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक मंडळाचा वार्षिक चहा झाला. चिटणीस मी, त्यामुळे खुर्च्या, कप, केक आणि रुसवेफुगवे सगळं माझ्याकडे. तू हे गाव सोडल्यानंतर आमच्यात एक खेळ सुरू झाला, तो चहाआधी होतोच. सगळ्यांनी वेदीकडे तोंड करून डोळे मिटून बसायचं. अध्यक्ष ज्याच्या खांद्याला हात लावतील त्याने बूट काढून, पाय न वाजवता मागच्या गॅलरीत जायचं आणि ठरलेलं एकच गीत ऑर्गनवर वाजवायचं. कोण वाजवतंय ते खालच्यांनी ओळखायचं. अवघड नसतं. दंतवैद्य वाजवतात ते पेशंट खुर्चीतून पळून जाईल अशा घाईने. भूगोलाच्या बाईंचा पाय आधी शेजारच्या पेडलवर पडतो आणि मग, चुकीचं दार वाजवल्यासारखा, ओशाळून योग्य पेडलवर येतो.

हे दोघे झाले. मग आणखी कोणीतरी वर गेलं.

वाजवणं स्वच्छ होतं. मी मनातल्या मनात चुका शोधत होते, सापडत नव्हत्या. शेवट आला. शेवटचा स्वरमेळ आम्ही सगळे एकदम सोडतो; हात उचलला की संपलं. या वाजवणाऱ्याने तो एकेक बोट उचलत सोडला, खालच्या सुरापासून वरपर्यंत. सगळ्यात वरचा सूर एकटा उरला आणि मग तोही गेला. वाजवणं थांबलं असं वाटलंच नाही. कोणीतरी खोलीतून उठून गेल्यासारखं वाटलं.

“ओळखलं!” दंतवैद्य ओरडले. “चिटणीसबाई!”

“मी तुमच्या शेजारी बसलेय. डोळे उघडा.”

“अरेच्चा! मग वर कोण आहे?”

आमच्यातले सगळ्यात जुने, बाबा इथे ऑर्गन वाजवायचे तेव्हापासूनचे, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. ते डोळे न उघडताच म्हणाले, “बाळ, हे तर तुझे बाबा.” माझी साठी उलटली आहे, पण त्यांना मी बाळच.

जिन्यावरून बूट हातात घेऊन उतरली ती आमची नवी सभासद. औषधाच्या दुकानात बदलून आली आहे. तुमच्याच गावची. तुझ्या कानावर नाव आलं असेल, असं मी आधी लिहिलं होतं. खोडलं.

सगळे तिच्याभोवती जमले. चहा गार झाला तरी कोणाला पत्ता नाही. अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, यंदा वार्षिक उपासनेचा समारोप या मुलीला देऊ या का? दर वर्षी तुम्हीच वाजवता. जरा विश्रांती घ्या.”

“मला विश्रांती लागली की मी सांगेन.”

“रागावलात?”

“छे. साखर घ्या.”

कप विसळायला घेतले तशी ती मुलगी फडकं घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. मी सरळ विचारलं, “तो शेवट कुठे शिकलीस?” तिने एक कप इतका वेळ पुसला की त्याच्यावरची फुलं निघाली असती.

“आमच्या गावच्या बाईंकडे.”

“कोण बाई?”

“तुमच्या ताई.” मग घाईघाईने म्हणाली, “त्यांनी बजावलं होतं, माझ्या बहिणीसमोर असं सोडू नकोस म्हणून. पण वाजवताना बोटं विसरली हो. त्यांना सांगू नका.”

सांगतेय.

बोटं आखडली, आता ऑर्गनला हात लावत नाही, असं तू कळवलं होतंस. मी विश्वास ठेवला. दर वर्षी निमंत्रण पाठवताना खाली लिहायची, ‘नुसती ऐकायला ये.’ तू आली नाहीस. आणि तिकडे परक्याच्या मुलीची बोटं धरून तिला बाबांचा शेवट शिकवत होतीस.

बाबांनी तो मला शिकवला नाही. मी विचारलं होतं. “तुझं छान चाललंय, तू ताल सांभाळ,” म्हणाले. मला वाटलं, वयाने येईल. पुढे वाटलं, त्यांची बोटं लांब होती म्हणून त्यांना जमायचं. तुझी बोटं माझ्याएवढीच आहेत.

आठवडाभर मी त्या मुलीच्या नावाने बोटं मोडली. तिचे मोजे, तिचं हसणं, केकचा दुसरा तुकडा घेणं, काही सोडलं नाही. पण ती उद्या गाव सोडून गेली तरी माझ्या पोटातलं दुखणं थांबणार नाही. ते तुझं आहे. बाबांच्या डाव्या हाताला बाकावर तू बसायचीस आणि मी पानं उलटायला उभी असायची. ते गेल्यावर तो बाक मला मिळाला. गावभर सांगत आले की बाबांचं वाजवणं माझ्याकडे आलं. तू एकदाही खोडून काढलं नाहीस. ‘बहिणीसमोर नको’! माझी कीवच करायची होती तर तोंडावर करायचीस. तोंडावर मी भांडले तरी असते.

समारोप मी तिला देणार नाही. हे कोतेपणाचं आहे, मला कळतं. स्वतः वाजवायचीही आता सोय राहिली नाही. मी हात उचलीन आणि सगळं चर्च त्या एकट्या सुराची वाट बघत बसेल.

म्हणून काल कार्यक्रमपत्रिका छापायला दिली, त्यात समारोपासमोर तुझं नाव घातलं आहे. समितीने काय बोलायचं ते नंतर बोलावं. तुला विचारलं नाही. तूही मला कुठे काही विचारलंस? कारणं कळवू नकोस, गाडीची वेळ कळव. आदल्या दिवशी ये. पानं उलटायला दुसरं कोणी बघते. मी बाकावर बसणार आहे, तुझ्या डावीकडे, आणि तू ते सावकाश करून दाखवायचंस, मला येईपर्यंत.

तुझ्यावर रागावलेली,
बाबांची दुसरी मुलगी