दुसरं नाव दिलं नाही तर

मुनिरका, मंगळवार संध्याकाळ

कधीपासून लिहायचं टाळतोय. लिहिलं की कबूल करावं लागेल ना.

वरच्या खोलीतली पल्लवीताई पीएचडीसाठी घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेते. रेकॉर्डिंगच्या फाइलींना त्या बायकांचीच नावं होती. ती लपवायला मी तिला छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. आधी मूळ फोल्डरचं नाव द्यायचं, मग नव्याचं, की नव्यात नावांऐवजी आकडे घातलेल्या कॉपी तयार. पण हे दुसरं नाव मी ऐच्छिक ठेवलं. का, तर तपासताना सारखं टाइप करायचा कंटाळा. ते दिलं नाही तर प्रोग्रॅम मूळ फाइलींचीच नावं बदलतो. नंतर सक्तीचं करणार होतो, पण सरोजिनी मार्केटला जॅकेट बघायला गेलो आणि राहिलंच.

ताईने एकच नाव दिलं. आता सगळ्या फाइलींवर नुसते आकडे, बॅकअप नाही. हेडफोन लावून ती एकेक आवाज ओळखत बसलीय.

"मीच येडी रे," म्हणाली, "दुसरं नाव टाकायचं विसरले."

आणि मी काय म्हणालो? "होतं गं ताई, चलता है."

दुसरं नाव नसेल तर प्रोग्रॅमने थांबायचं, एवढंच करायचं होतं मला. तिला उद्या सांगू? की आत्ताच जाऊ वर?

दार वाजलं. ताईची आई, वर्ध्याहून, न कळवता. वर केव्हाची दार ठोकतेय, लेकीला ऐकूच जात नाही म्हणे.

"तूच ना तो प्रोग्रॅमवाला? तुझ्यासाठी वेगळे लाडू आणले बापा."