उपाशी वार

मार्गशीर्ष शु. २, शके १८६०, गुरुवार

सटवाचं नाव शाळेतून कापलं! गुन्हा काय — बिंदुसरा नदीच्या काठावर पुण्याचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं. आम्ही ऐकत होतो. म्हणजे विनापरवाना सभा झाली म्हणे. निजामाच्या राज्यात चार माणसं बोलायला बसली तरी परवानगी लागते.

हेडमास्तरांनी उर्दूत हुकूम वाचला आणि दाराकडे बोट केलं. सटवा उठून म्हणाला, "मराठीत सांगा साहेब, म्हंजी बापाला चौसाळ्याला जाऊन सांगता यील." वर्ग हसला. मीही हसलो. आता हसू येत नाही. दोन महिन्यांवर परीक्षा आहे. नाव परत लागलं नाही तर सटवा जन्मभर नांगरामागे.

शु. ३, शुक्रवार

अर्ज लिहिला — सटवाला परत घ्या. शाळा म्हणते, पालकांच्या सह्या आणा. आमचे आईबाप राहिले चकलांब्याला नि पालीला. इथे पालक कोण? ज्यांच्याकडे वार लावून जेवतो ते! रोज एक घर, सात वारांची सात घरं. मग त्याच घरांच्या पायऱ्या झिजवल्या.

शनिवारचे वकील म्हणाले, बघू. सोमवारचे दुकानदार म्हणाले, "माझं दुकान परवान्यावर हाय बाबा." रविवारचे भगवानराव तहसिलीत पेशकार आहेत, सगळी सरकारी कागदपत्रं, शाळेचे अर्जसुद्धा, त्यांच्या हातून जातात. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली, परत दिला.

"त्रिंबक, मी सरकारची भाकरी खातो."

दर रविवारी तीच मीही खातो, हे बोललो नाही. दारात येऊन मात्र दात-ओठ खाल्ले.

शु. ४, शनिवार

उपोषण सुरू. वर्गातल्या बद्रीनाथनं काढलेली शक्कल. वाराच्या घरी कुणी जायचं नाही, शाळेसमोरच्या पारावर बसून राहायचं.

"हेडमास्तराला लाज वाटंल बे."

"आन् न्हाई वाटली तर?" सटवानं विचारलं.

"तर आपल्याला भूक लागंल."

हेडमास्तर दुपारी आमच्यासमोरून घरी जेवायला गेले. दात कोरत परत आले. लाज कसली!

शु. ५, रविवार

आज जे झालं ते आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर भगवानरावांच्या सरस्वतीकाकू पारावर आल्या. कधी बाजारातसुद्धा न दिसणारी बाई! सगळ्यांदेखत मला विचारलं, "कावून आला न्हाईस रे? माझ्या हातून काय चुकलं?"

मी सांगितलं — उपोषण शाळेवर आहे, तुमच्यावर नाही.

"पण वार तर माझा हाय. वाराच्या पोराचं पान वाढल्याबिगर मी जेवत न्हाई. कालची वकिलीणबाईबी अजून उपाशी हाय. ठाऊक हाय का?"

नव्हतं. रोज आयत्या पानावर बसणाऱ्यांना चूल कधी जेवते हे कसं ठाऊक असणार! हेडमास्तरांना मारलेला दगड या बायकांना लागला. माझा जीव तीळ तीळ तुटला. म्हटलं, काकू, जेवा हो, मी येतो. लगेच उठलोही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सटवाकडे. "ह्योच का तो पोरगा?" म्हणाल्या. पदर खोचला. "बस खाली. आता उठलास तर काल-आजचा उपास फुकट जाईल. मी वकिलीणबाईकडं जाऊन येते."

शु. ६, सोमवार, चंपाषष्ठी

चातुर्मासापासून सोडलेलं वांगं आज खायचं. गावभर भाजल्या वांग्यांचा वास. बद्रीनाथ कळवळला, "षष्ठीला तरी सोडू बे." सटवा म्हणाला, "तू जा. माझा राग न्हाई." मग बद्रीनाथ कसला जातोय!

दुपारी दुकानदार धापा टाकत आले. खंडोबापुरतं भरीत-रोडगे झाले, नैवेद्य दाखवला, गाईला घातला. घरात पान नाही. त्यांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, सरस्वतीकाकूंच्या सांगण्यावरून चूल विझवून टाकली.

"पोराहो, जेवा रे. सणासुदीचं घरात कुणाच्या पोटात काय न्हाई."

"सही करा," मी म्हणालो. इतक्या करड्या आवाजात मी वडीलधाऱ्यांशी आजवर बोललो नव्हतो. मजा वाटली, खोटं कशाला लिहू.

केली. पाठोपाठ वकील आले. दिवेलागणीपर्यंत सगळे येऊन गेले — भगवानराव सोडून. ते शेवटी आले. सही केली आणि खाली हुद्दाही लिहिला.

"हुद्दा नका घालू काका," मी म्हणालो.

"बिगरहुद्द्याची सही तहसिलीत कोन वाचतो? तीन सालं मीच तसले अर्ज बाजूला टाकतोय."

शु. ७, मंगळवार

सटवाचं नाव लागलं!! सगळे जेवलो. पोट दुखेस्तोवर.

शु. १०, शुक्रवार

भगवानरावांना कामावरून काढलं. सरकारी नोकर असून सरकारविरुद्ध सही केली. सरकारी घर रविवारपर्यंत रिकामं करायचं.

धावत गेलो. काकू भांडी बांधत होत्या. माझ्यामुळे झालं म्हणालो नि रडलो. त्या वैतागल्या. "तुझ्यामुळं काय? चूल मी बंद केली, सही ह्यांनी केली. तू नुस्ता बसला व्हतास. ह्यो दोर धर."

दोर धरला. रडता रडता गाठी मारल्या.

शु. १२, रविवार

सटवाचा बाप बैलगाडी घेऊन आला. भगवानराव नि काकू चौसाळ्याला निघाले. तिथे मारुतीच्या देवळात ते पोरांना मराठी शिकवणार. पगार नाही — गावातल्या सात घरांनी त्या दोघांचे वार वाटून घेतलेत. सोमवार सटवाच्या आईचा.

शाळा उद्यापासून. परवानगी मागितलेली नाही.