बघायचा हक्क, हात लावायचा नाही

सोमवार, ४ मार्च
साहेबांनी कामाला जुंपलंच! ऑडिटरबाईंना आमचे सगळे डेटाबेस तपासायचेत, आणि त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर नवं लॉगिन मी करायचं. तळघरातले सर्व्हर घरचे, क्लाउडवरचे भाड्याचे. नियम दोन्हीकडे एकच — बाईंना सगळं दिसलं पाहिजे, पण हात कशालाच लावता येता कामा नये.

‘हे नीट पार पाडा, लगेच कायम करतो,’ म्हणाले. प्रोबेशनवर बसून कंटाळलेय. आता माघार नाही!

मंगळवार, ५ मार्च
तळघर फत्ते. तिथल्या एसीने नाक मात्र गळतंय.

बुधवार, ६ मार्च
पासवर्ड इतका अवघड ठेवला की बाईंनी पुन्हा पुन्हा चुकवला आणि खातं लॉक. उघडून दिलं — परत लॉक! ‘अहो, माणसाला वाचता येईल असा द्या की!’ कुठलं शून्य आणि कुठला ओ, मलाही कळेना. नवा दिला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

गुरुवार, ७ मार्च
क्लाउडने दिवसभर रडवलं. लॉगिन बरोबर, हक्क बरोबर, तरी बाईंना आत घेईना. त्यांच्या ऑफिसचा इंटरनेट पत्ता परवानगीच्या यादीत घालायचा राहिला होता! घातला, चाललं. आनंदाने खुर्चीत गिरकी घेतली — दारात साहेब.

शुक्रवार, ८ मार्च
बाईंचा फोन. क्लाउडवर एक जुनं खातं आहे, पूर्वी सगळेच वापरायचे ते. केव्हाच बंद व्हायला हवं होतं. ते रोज सकाळी कुणीतरी उघडतं! आला, थांबला, गेला — एवढंच दिसतं. आत काय करतो त्याची नोंद ठेवायची सोय आम्ही कधी चालूच केली नव्हती. ‘कोण ते शोधा, नाहीतर अहवालात लाल शेरा.’ म्हणजे माझं कायम होणं बोंबललं!

जेवताना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘रोज वेळेवर येतो म्हणजे शिस्तीचा चोर दिसतोय.’ नवरा फिदीफिदी हसला. बाबांनी — माझे सासरे. माझ्या आधी हेच सर्व्हर त्यांच्याकडे होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले — विचारलं, ‘काही चोरीला गेलंय का? नाही ना? मग आधी जेव.’

सोमवार, ११ मार्च
चोराचा इंटरनेट पत्ता काढला. ओळखीचा वाटला. परवानगीच्या यादीत पाहिलं — घरून काम करण्यासाठी तो मीच घातलेला. आमच्या घरचा! काखेत कळसा...

घरी येऊन थेट विचारलं. बाबा चष्मा पुसत बसले. ‘सवय गं. डेटाची रात्रीची प्रत क्लाउडवर नीट चढली का, तेवढं बघतो.’

‘अहो बाबा, पण इथे माझी नोकरी जायची वेळ आलीय!’ खूप बोलले. तोंडाला येईल ते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘माझं नाव सांग साहेबांना. आणि खातं बंद करून टाक.’

मंगळवार, १२ मार्च
सांगितलं. साहेब हसत सुटले. बाई हसल्या नाहीत, पण लाल शेरा देत नाही म्हणाल्या. खातं बंद केलं.

बुधवार, १३ मार्च
कायम झाले!!! केक घेऊन घरी. सगळ्यात मोठा तुकडा बाबांना दिला — परवाचं मनाला लागलंय माझ्या. त्यांनी मिटक्या मारत खाल्ला. ‘आता ती प्रत तूच बघत जा हं. उद्यापासूनच.’ सुटत नाही सवय!

गुरुवार, १४ मार्च
पोचल्या पोचल्या पाहिलं. आजची प्रत नाही. कालचीही नाही. शोधत मुळाशी गेले. रुजू झाल्यावर मी मोठ्या हौसेने सगळे पासवर्ड बदलले होते, ते जुनं खातं तेवढं नजरेतून सुटलं होतं. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र जुनाच राहिला. तेव्हापासून ती आपोआप एकदाही निघालेली नाही. मी ऑफिसात पोचायच्या आत बाबा रोज स्वतः काढून ठेवत होते. आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत.